चिंध्यांची वाकळ

आमच्या गावच्या वाचनालयात गेल्या शतकातले दिवाळी अंक, शाळा-संस्थांच्या स्मरणिका, सभा-संमेलनांची छायाचित्रे आणि कधीच्या बंद पडलेल्या साप्ताहिकांचे बांधीव खंड आहेत. कागद पिवळा पडून कडा झडू लागल्या, तेव्हा कार्यकारिणीने ठराव केला आणि पानन् पान स्कॅन करून घेतले. दोन उन्हाळे हे काम चालले. सारा ऐवज एका लहानशा हार्ड डिस्कमध्ये भरून कार्यवाहांनी ती कपाटात कुलूपबंद केली. पुढे एका रविवारी ती संगणकाला जोडली, तर आतून ‘टक् टक्’ असा आवाज आला आणि थोड्या वेळाने तोही थांबला. दुसरी प्रत नव्हती. मूळ खंड शाबूत होते म्हणून सर्वस्व गेले नाही. पण लोकांनी घरचे जुने फोटो एका दिवसापुरते आणून दिले होते, त्यांतले काही आता त्या घरांतही उरलेले नाहीत.

काही महिन्यांनी एका सभासदांचा बंगळूरला नोकरीत असलेला मुलगा खोक्यातून सहा जुन्या डिस्क घेऊन आला. मोठ्या कचेऱ्यांच्या यंत्रांत काही वर्षे राबून मग मोडीत निघालेल्या. कार्यवाहांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या.

“अरे, ह्या सहा जुन्या कशाला? एक चांगली नवी घे की. एक ना धड, भाराभर चिंध्या!”

“काका, गेली ती नवीच होती,” तो म्हणाला. “आणि वाकळ चिंध्यांचीच होते ना?”

देशावर जिला गोधडी म्हणतात, तिला आमच्याकडे वाकळ म्हणतात आणि शेजारच्या कानडी घरात कौदी. नाव कोणतेही असो, तिचा एकही तुकडा एकट्याने थंडी अडवू शकत नाही. सगळे मिळून अडवतात. एखादा विरला, तर तेवढाच काढून दुसरा लावता येतो. त्या मुलाचे उत्तर हजरजबाबी खरे, पण त्यामागचा विचार चाळीस वर्षांचा जुना आहे. एक धड की भाराभर चिंध्या, हा वाद १९८७-८८ साली अमेरिकेतील एका विद्यापीठात आकडेमोडीने सोडवला गेला. त्याची ही हकीकत.

कपाटाएवढी स्मृती

सप्टेंबर १९५६ मध्ये आयबीएम कंपनीने ‘३०५ रॅमॅक’ नावाचे यंत्र जाहीर केले. कॅलिफोर्नियातील सान होजे येथे रेनॉल्ड जॉन्सन यांच्या चमूने त्याचा डिस्क-विभाग घडवला होता. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या त्यात एकावर एक फिरत असत. वजन टनाहून अधिक आणि मावणारी अक्षरे ५० लाख, म्हणजे आजच्या हिशेबाने पावणेचार मेगाबाइटच्या आसपास. मोबाइलवर काढलेला एखादा फोटो त्यात जेमतेम बसेल. यंत्राचे भाडे महिन्याला ३,२०० डॉलर होते. यंत्राला ‘स्मृती’ असणे ही तेव्हा बड्या कंपन्यांची आणि सरकारांचीच मिरास होती.

पुढची तीस वर्षे विचार त्याच दिशेने चालला. अधिक साठवायचे असेल तर डिस्क अधिक मोठी, अधिक भक्कम आणि अर्थातच अधिक महाग करायची. १९८० साली आलेली आयबीएमची ३३८० ही मालिका या विचाराचे शिखर म्हणता येईल. १९८७ च्या सुमारास तिच्या एका प्रकारात ७,५०० मेगाबाइट माहिती मावत असे. तबकड्या १४ इंची, जागा २४ घनफूट, वीज ६,६०० वॅट आणि दर मेगाबाइटला १० ते १८ डॉलर.

याच काळात दुसरा प्रवाह वाहू लागला होता. टेबलावर मावणाऱ्या व्यक्तिगत संगणकांसाठी लहान डिस्क निघू लागल्या. पुढे सीगेट म्हणून प्रसिद्धीस आलेल्या कंपनीने १९८० साली सव्वापाच इंची डिस्क आणली. तिच्यात ५ मेगाबाइट मावत. सात-आठ वर्षांतच कॉनर पेरिफेरल्स या कंपनीची ‘सीपी ३१००’ ही साडेतीन इंची डिस्क १०० मेगाबाइटपर्यंत पोहोचली. वीज १० वॅट, दर मेगाबाइटला ७ ते १० डॉलर, आणि आकार तळहातावर मावेल एवढा. कारकुनाच्या टेबलावरची डिस्क दर मेगाबाइटला बड्या यंत्राच्या डिस्कपेक्षा स्वस्त पडू लागली, ही इतिहासातली मोठी उलथापालथ होती. पण तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नव्हते.

बर्कलीतला हिशेब

ते गेले कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील तिघांचे. डेव्हिड पॅटरसन आणि रँडी कॅट्झ हे प्राध्यापक आणि गार्थ गिब्सन हा त्यांचा विद्यार्थी. त्यांच्यापुढचा प्रश्न वेगाचा होता. संगणकाचा मेंदू वर्षागणिक वेगवान होत होता, पण डिस्क म्हणजे फिरणारी तबकडी आणि तिच्यावर सरकणारा दांडा. ती त्या गतीने कशी धावणार? तिघांनी विचार केला, की एका प्रचंड डिस्कऐवजी शंभर लहान डिस्क एकत्र जोडल्या तर? शंभर दांडे एकाच वेळी वाचू लागतील. वीज ६,६०० वॅटऐवजी १,००० वॅटच्या घरात येईल. जागा वाचेल, पैसाही वाचेल.

पण इथे कार्यवाहांची म्हण आडवी आली. उत्पादकांच्या हिशेबाने एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालते, म्हणजे तीन वर्षांहून अधिक. शंभर डिस्क एकत्र चालवल्या, तर त्यांतली कुठली तरी एक सरासरी ३०० तासांत बंद पडणार. ३०० तास म्हणजे तेरा दिवससुद्धा नव्हेत! माहिती शंभरांवर विखुरलेली असेल, तर एक गेली की सगळ्याचाच खेळखंडोबा.

यावरचा तोडगा वहीखात्यातला आहे. समजा, तीन वह्यांत अनुक्रमे ७, ४ आणि ९ हे आकडे आहेत. चौथ्या वहीत त्यांची बेरीज लिहा : २०. आता दुसरी वही जळाली, तरी २० मधून ७ आणि ९ वजा केले की हरवलेले ४ परत मिळतात. संगणक हेच काम शून्य आणि एक यांच्या सम-विषम गणतीने करतो. त्या चौथ्या वहीला ‘पॅरिटी’ म्हणतात. एक डिस्क गेली की उरलेल्यांकडून तिचा मजकूर पुन्हा लिहून काढता येतो. गेलेली डिस्क तत्परतेने बदलली, तर शंभर चिंध्यांचा हा संच एका धड डिस्कपेक्षा कितीतरी अधिक टिकाऊ ठरतो, हे तिघांनी गणिताने दाखवले.

ही युक्ती सर्वस्वी त्यांचीच होती असे नाही. हरवलेली माहिती परत मिळवण्याच्या अशा पद्धतीचे पेटंट आयबीएममधील नॉर्मन केन ऊची यांना १९७८ सालीच मिळाले होते. टँडम कंपनी प्रत्येक डिस्कची हुबेहूब दुसरी प्रत ठेवत असे. बर्कलीच्या तिघांनी या विखुरलेल्या पद्धती एका सूत्रात ओवल्या, पाच पातळ्यांत मांडल्या आणि प्रत्येकीचा खर्च व लाभ तोलून दाखवला. पाचव्या पातळीत बेरजेची वही एकाच डिस्कवर न ठेवता सर्वांवर वाटून दिली होती, म्हणजे लिहिताना एकाच ठिकाणी गर्दी होऊ नये.

डिसेंबर १९८७ मध्ये हा निबंध विद्यापीठाच्या अहवालाच्या रूपाने निघाला आणि जून १९८८ मध्ये शिकागोच्या परिषदेत सादर झाला. रचनेला त्यांनी नाव दिले ‘रिडंडंट अ‍ॅरे ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स’, थोडक्यात ‘रेड’. स्वस्त डिस्कांचा, जादा नोंद राखणारा संच. पुढच्याच वर्षी सन कंपनीच्या एका संगणकाला २८ लहान डिस्क जोडून त्यांनी पहिला नमुना उभा केला.

हरवलेला शब्द

कल्पना इतकी फळली, की कंपन्यांनी ती हातोहात उचलली. नव्वदच्या दशकात बँका, विमा कंपन्या, रेल्वे, रुग्णालये यांच्या यंत्रघरांत ‘रेड’ची कपाटे उभी राहिली. मात्र एक अडचण झाली. हजारो डॉलरना विकायच्या कपाटाच्या नावातच ‘स्वस्त’ हा शब्द! विक्रेत्यांनी त्यावर साधा उपाय केला. ‘इनएक्स्पेन्सिव्ह’च्या जागी ‘इंडिपेंडंट’ आले, म्हणजे स्वस्तच्या जागी स्वतंत्र. इंग्रजीत आद्याक्षर तेच राहिले. गंमत अशी, की मराठीतही तेच राहते.

शब्दापाठोपाठ वस्तूही बदलली. या कपाटांसाठी खास डिस्क बनू लागल्या. चोवीस तास फिरणाऱ्या, शेजारच्या डिस्कांची थरथर सोसणाऱ्या, बहुधा पाच वर्षांची हमी असलेल्या आणि त्या प्रमाणात महाग. ज्या रचनेचा जन्म साध्या डिस्कांच्या पोटी झाला, तिच्यात साध्या डिस्क घालणे हे अडाणीपणाचे लक्षण ठरू लागले.

पुन्हा स्वस्ताकडे

हरवलेला अर्थ परत आणला तो ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांनी. १९९६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी ४ गिगाबाइटच्या १० डिस्क एकत्र केल्या आणि त्या ठेवायला मुलांच्या खेळातल्या ठोकळ्यांची पेटी बांधली. त्या ४० गिगाबाइटवर चाललेल्या प्रयोगातून पुढे गूगल उभे राहिले. त्याच वर्षी ब्रूस्टर काल यांनी ‘इंटरनेट आर्काइव्ह’ ही संस्था स्थापली. २००४ साली तिने ‘पेटाबॉक्स’ या नावाने साध्या डिस्कांची कमी विजेवर चालणारी कपाटे वापरात आणली. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’साठी स्कॅन झालेली असंख्य मराठी पुस्तके आज याच संस्थेच्या संग्रहात सापडतात. कित्येक अभ्यासक दुर्मीळ मराठी ग्रंथ तेथूनच उतरवून घेतात. तेव्हा ही हकीकत मराठी वाचकाच्या वाटणीला मुळीच आलेली नाही, असे म्हणता येत नाही.

महागडी डिस्क खरोखर जास्त टिकते काय, हा प्रश्न २००७ साली ऐरणीवर आला. बियांका श्रोडर यांनी सुमारे एक लाख डिस्कांच्या नोंदी तपासल्या. त्यांचे सहलेखक होते गार्थ गिब्सन, तोच बर्कलीचा विद्यार्थी, आता प्राध्यापक झालेला. माहितीपत्रकांवरील तासांचा हिशेब धरला, तर वर्षाला शंभरात एकही डिस्क जायला नको होती. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के बदलाव्या लागत होत्या. काही ठिकाणी तर १३ टक्क्यांपर्यंत. आणि महाग जोडणीच्या व साध्या जोडणीच्या डिस्कांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. त्याच परिषदेत गूगलच्या अभियंत्यांनी लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास मांडला. बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी जाण्यापूर्वी धोक्याची एकही ठळक खूण दाखवली नव्हती. थोडक्यात, माहितीपत्रकावर भिस्त ठेवू नये आणि डिस्क सांगून जाईल अशी आशाही धरू नये.

सप्टेंबर २००९ मध्ये बॅकब्लेझ या लहान कंपनीने ४५ साध्या डिस्कांचे ६७ टेराबाइटचे यंत्र ७,८६७ डॉलरमध्ये कसे बांधले, ते आराखड्यासह सर्वांसाठी जाहीर केले. २०११ च्या अखेरीस थायलंडमध्ये महापूर आला. तेथील डिस्कांचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर भाव कडाडले. तेव्हा या कंपनीच्या लोकांनी नातेवाईक आणि मित्र कामाला लावून दुकानादुकानांतून किरकोळ भावाच्या डिस्क गोळा केल्या आणि वरची प्लास्टिकची टरफले सोलून आपल्या यंत्रांत बसवल्या. अशा १,८०० हून अधिक डिस्कांवर त्यांनी ते दिवस काढले.

जुन्या बाजारातली डिस्क

त्या मुलाच्या खोक्यातल्या सहा डिस्क या वंशावळीतल्या शेवटच्या. मोठ्या यंत्रघरांत हमी संपली की चालू डिस्कही काढून टाकतात, कारण तेवढ्याच जागेत आणि तेवढ्याच विजेत नवी डिस्क कितीतरी अधिक साठवते. पुष्कळशा डिस्क गुप्ततेसाठी यंत्रात घालून चुरडल्या जातात. ज्या पुसून विकल्या जातात, त्या जुन्या बाजारात येतात. आमच्या भागातल्या माणसाला एकीकडे मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि दुसरीकडे बंगळूरचा एस. पी. रोड, दोन्हीकडे घासाघीस करायला भाषा आहेच.

स्वस्त म्हणजे फुकट मात्र नव्हे. येथे श्रमाने किंमत मोजावी लागते. कचेरीच्या पुष्कळ डिस्क ‘सॅस’ जोडणीच्या असतात. त्या घरच्या संगणकाच्या ‘साटा’ जोडणीत बसत नाहीत. त्यासाठी वेगळे कार्ड लागते, आणि तेही जुन्या यंत्रातले मिळते. काही डिस्कांवर माहितीचे कप्पे नेहमीच्या ५१२ ऐवजी ५२० बाइटांचे पाडलेले असतात. ते तासन् तास बसून नव्याने पाडावे लागतात. काही नव्या साटा डिस्क जुन्या वीजजोडणीवर जाग्याच होत नाहीत, कारण तिसऱ्या पिनवरचा ३.३ व्होल्टचा दाब त्यांना ‘झोपा’ असा हुकूम वाटतो. जाणकार ती पिन वीज न वाहणाऱ्या चिकटपट्टीने झाकतात.

मग तपासणी. डिस्क आपले फिरलेले तास स्वतःच नोंदवते. पाच वर्षे अखंड फिरलेलीचे ४३,८०० तास होतात. पण या नोंदीतही खोट निघते. २०२५ च्या जानेवारीत जर्मनीतील हाइझे या प्रकाशनगृहाने उघडकीस आणले, की वापरलेल्या सीगेट डिस्कांची नोंद शून्यावर आणून काही विक्रेत्यांमार्फत त्या कोऱ्या म्हणून खपवल्या जात होत्या. डिस्कच्या पोटातली दुसरी, अधिक खोल नोंद पुसायची राहिली होती, म्हणून चोरी पकडली गेली. तेव्हा दोन्ही नोंदी पाहाव्यात, आणि डिस्क पहिल्या कप्प्यापासून शेवटच्यापर्यंत एकदा लिहून, एकदा वाचून घ्यावी. जी या कसोटीत कण्हेल, ती परत करावी.

वाचनालयाच्या सहा डिस्क प्रत्येकी ४ टेराबाइटच्या आहेत. त्यांतली दोन डिस्कांएवढी जागा बेरजेच्या वह्यांना दिली आहे, म्हणून वापरायला १६ टेराबाइट उरतात. एका पानाची चांगली प्रतिमा २० मेगाबाइटची धरली, तर आठ लाख पाने. बेरजेच्या वह्या दोन का? तर एक डिस्क गेल्यावर तिचा मजकूर नव्या डिस्कवर उतरवायला सात-आठ तास तरी लागतात, आणि त्या वेळात उरलेल्या साऱ्या डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात सुमारे साडेबारा टेराबाइट वाचण्यामागे एखादी चूक गृहीत धरलेली असते. नेमक्या त्या घटकेला दुसरी डिस्क अडखळली, तर एकच वही पुरत नाही.

वर ‘झेडएफएस’ नावाची व्यवस्था बसवली आहे. जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांनी सन कंपनीत २००१ मध्ये तिचे काम सुरू केले आणि २००५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. डिस्क बंद पडली तर कळते. पण डिस्क चालू राहून चुकीचा मजकूर परत देऊ लागली तर? झेडएफएस मजकुराच्या प्रत्येक तुकड्याची खूणगाठ वेगळी बांधून ठेवते, वाचताना ताडून पाहते आणि चूक आढळली तर बेरजेवरून दुरुस्त करते.

वाकळीची निगा

इतके करूनही एक गोष्ट मनात पक्की ठेवावी लागते. हा संच म्हणजे दुसरी प्रत नव्हे. आग, पूर, वीज पडणे, चोरी किंवा एखाद्याचा चुकून दाबला गेलेला ‘पुसा’चा खटका यांपुढे सहाही डिस्क एकदमच जातात. मोठ्या संस्थांनाही हे चुकत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट आर्काइव्हवर हल्ला झाला आणि ते संकेतस्थळ काही दिवस बंद राहिले. ‘आमचे सगळे तिथे आहे’ असे म्हणून निर्धास्त राहिलेल्यांच्या जिवाची तेव्हा घालमेल झाली असेल.

सीमेवरच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. आमची कागदपत्रे कोणत्याही एका राजधानीला पूर्णपणे आपली वाटत नाहीत; ज्याने त्याने आपापली सांभाळायची. आजवर ती सांभाळली गेली, ती ट्रंकांत, माळ्यांवर आणि कुणाकुणाच्या हौसेवर. त्यासाठी फार भक्कम अशी एक तिजोरी लागते आणि ती आपल्या ऐपतीबाहेरची आहे, असे आपण धरून चाललो होतो. बर्कलीच्या हिशेबाने तो समज खोटा ठरवला. भरवसा वस्तूच्या किमतीत नसतो. तो मांडणीत असतो आणि तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या माणसात असतो. ज्या निबंधाने जगाला हे शिकवले, त्यात ‘स्वस्त’ हा शब्द लाजेचा नव्हता.

वाचनालयात आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संचाची तपासणी होते आणि तारीख, तास व आढळलेल्या चुका कार्यवाह स्वतःच्या अक्षरात वहीत लिहितात. दुसरी प्रत दुसऱ्या गावी, एका शाळेच्या कपाटात आहे. ती वर्षातून दोनदा ताजी होते. गेल्या फाल्गुनात सहांपैकी तिसरी डिस्क बंद पडली. कार्यवाहांनी बंगळूरला फोन लावला, सांगितल्याप्रमाणे राखीव ठेवलेली डिस्क आपल्या हाताने बसवली आणि रात्री उशिरापर्यंत पडद्यावरचा वाढता आकडा पाहत बसून राहिले. सकाळी वहीत त्यांनी एवढीच नोंद केली : “क्रमांक ३ बदलली. एकही पान गेले नाही.”